नानकटाईलाच फ्यूज का उडतो

आमच्याकडे ओव्हन आला तो सायकलच्या कॅरिअरवर, सुतळीनं आवळून बांधलेला. भिंगारच्या लष्करी कॅम्पापासून माळीवाड्यातल्या आमच्या घरापर्यंत नानांनी एकदाही सायकलवर टांग टाकली नाही. ते हँडल धरून चालत होते आणि मी मागून दोन्ही हात लावून, जणू आत कुणी झोपलंय अशा बेतानं. नाना म्हणजे माझे वडील, कचेरीत कारकून होते आणि कुठल्याही नव्या वस्तूची त्यांना आधी लाज वाटायची, मग कौतुक. रस्त्यात कुणी विचारलं, "काय हो, हे काय नेताय?" की ते नुसतं "काही नाही, काही नाही" म्हणायचे. शेवटी मीच ओरडून सांगायला लागले, "ओव्हन आहे, ओव्हन! केक भाजायचा!" मी अशीच होते. गप्प बसणं मला कधी जमलं नाही, अजूनही जमत नाही. सून म्हणते, आई, तुम्ही फोनवरसुद्धा येरझाऱ्या घालत बोलता.

कॅम्पातल्या एका कॅप्टनच्या बायकोचे ब्लाउज आई शिवायची. शिवता शिवता ती बाई आईला केक शिकवायची आणि आई तिला पुरणपोळी. त्यांची बदली झाली तेव्हा सामान आवरताना तिनं तो गोल, ॲल्युमिनियमचा, झाकणावर काचेचा डोळा असलेला ओव्हन आईच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, दीदी, तुम रखो. फक्त एक बजावलं, याला पाणी लावायचं नाही, नुसत्या कोरड्या फडक्यानं पुसायचं. हे वाक्य आईनं घरी आल्या आल्या सगळ्यांना ऐकवलं होतं. सगळ्यांना म्हणजे नानांना, मला आणि मोठ्या काकूला. एवढंच आमचं घर.

घर भाड्याचं होतं. मालक बापू मूळचे मिरजगावकडचे, गावाकडं जमीन, इथं हे घर आणि बाजारात दुकान. पुढच्या भागात ते राहायचे, मागच्या दोन खोल्या आणि पडवी आमची, बाजूला आणखी दोन बिऱ्हाडं. साऱ्यांना मिळून एकच मीटर आणि एकच फ्यूज, तोही बापूंच्या ओसरीवर, लाकडी फळीवर. त्या फळीला हात लावायची कुणाला मुभा नव्हती. बापूंना स्वतःलाही तिची भीती वाटायची. फ्यूज गेला की बाजारातून रज्जाक वायरमन येईपर्यंत सगळ्या घराचे दिवे बंद, पंखा बंद, आणि मुख्य म्हणजे बापूंचा रेडिओ बंद. रेडिओ बंद पडला की बापू चालू व्हायचे.

पहिले दोन-तीन महिने मात्र सुखाचे गेले. गल्लीत तेव्हा वाढदिवसाला केक कापायची नवी हौस आली होती. अंडी आमच्या घरात येत नसत, पण पडवीत येत. ज्याचा केक त्यानं आपली अंडी आणायची, आपल्याच भांड्यात फेसायची, आई फक्त साचा आत ठेवायची आणि त्या काचेतून बघत बसायची. मी तिला आयुष्यभर मान खाली घालून मशीन चालवताना पाहिलं होतं. ओव्हनपुढं बसली की तिची मान वर असायची. "आता फुगतोय बघ, आता फुगतोय," असं ती कुजबुजायची, आणि बायका तिच्या मागं उभ्या राहून तिचं ऐकायच्या. "शांतावैनीला विचारा," असं गल्लीत म्हणायला लागले. याआधी आईला कुणी काही विचारलेलं मला आठवत नाही.

आणि मोठी काकू. नानांच्या थोरल्या भावाची बायको. तिशीच्या आतच काका तापानं गेले आणि तेव्हापासून ती आमच्यात. माहेर कोल्हारचं, भिक्षुकाचं घर. पहाटे उठून आंघोळ, ओलेत्यानं पाणी भरणं, सोवळ्यात स्वयंपाक, स्वतःचं जेवण शेवटी. बाहेरचं म्हणून काही ती तोंडात घालत नसे. पाव नाही, बिस्किट नाही, हॉटेलातला चहा तर नाहीच. ओव्हनबद्दल ती चांगलं बोलली नाही, वाईटही नाही. पडवीतून जाताना लुगड्याचा काठ आवरून जायची, एवढंच. मला तिचा राग यायचा. घरात एवढा खमंग वास सुटलाय आणि ही बाई देवघराशी भिंतीकडं तोंड करून वाती वळत बसते, असं व्हायचं मला.

दिवाळीत नानकटाई करायची आमच्याकडं एक पद्धत होती, अजून काही घरांत असेल. रवा, मैदा, पिठीसाखर, डालडा घरून न्यायचं, बेकरीत ट्रे मागून घ्यायचा, गोळे वळून त्यावर मांडायचे आणि भट्टीपाशी नंबर लावून बसायचं. बायका सकाळी गेल्या की दिवेलागणीला परतायच्या, डबे पदराखाली, चेहरे घामेजलेले. त्या वर्षी आई म्हणाली, कशाला बेकरी, मी घरीच भाजते. दिवाळीला अवकाश होता म्हणून तिनं आधी थोडी करून पाहायचं ठरवलं. पीठ मळलं, गोळे मांडले, झाकण लावलं, बटण दाबलं. पुढून ओसरीवरून टप् असा आवाज आला, बापूंचा रेडिओ अर्ध्या शब्दावर थांबला आणि पाठोपाठ बापूंचा आवाज, "आरं, कुनी काय लावलं रं?"

रज्जाक आला, तार घातली, गेला. दोन दिवसांनी एक केक झाला, अगदी निर्वेध. आई म्हणाली, तेव्हा काहीतरी झालं असेल. पुन्हा नानकटाई लावली. टप्! काय सांगू, तेव्हापासून महिनाभर आमच्या घरात कुणी धड बसलं नाही. नानांनी प्लग उघडून स्क्रू पिळले. रज्जाकनं वायर बदलली, अर्थिंगची तार नळाच्या पाइपला बांधली, बटण बदललं. एकदा त्यानं फ्यूजमध्ये दुहेरी तार घातली तर बापू खवळले, "आरं, घर जाळतो का माझं?" आणि ती काढायला लावली. केक लावला की सगळं ठीक. नानकटाई लावली की टप्. बापूंच्या बायकोनं शोध लावला की डालड्याची वाफ तारेला धरते. बाजूच्या बिऱ्हाडातले मास्तर म्हणाले, नानकटाईला उष्णता जास्त ओढावी लागते. रज्जाक डोकं खाजवत म्हणाला, "आवो, फ्यूजला काय कळतं आत काय ठेवलंय ते?" तो चुकत नव्हता, पण त्यामुळं उत्तरही मिळत नव्हतं.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, सायन्सला. झालं! जो तो माझ्याकडं बघून म्हणायचा, "काय सायन्सवाली, सांग की." मला रात्रंदिवस तेच. वर्गात सर वीजप्रवाह शिकवत असले की मी पेन आपटत बसायची. रस्त्यानं चालताना केक, नानकटाई, केक, नानकटाई, असं पायांच्या ठेक्यावर मनात चालायचं. आईनं गोळे वळायला घेतले की मी ओसरीवर जाऊन फ्यूजकडं टक लावून उभी राहायची, कुकरची शिट्टी व्हायच्या आतच दचकून बसावं तशी.

त्यातच दुसरी एक कटकट सुरू झाली होती. ती दुष्काळाची वर्षं. नळ एक दिवसाआड यायचा, तोही करंगळीएवढ्या धारेनं. पाण्याचा हिशेब आईच्या डोक्यात पक्का असायचा, कुठली कळशी पिण्याची, कुठली भांड्यांची. आणि मधूनच एखाद्या सकाळी तिची एक कळशी अर्धी निघायची. "सुमे, तू डोकं धुतलंस का गं?" मी नाही म्हणायची. "मग पाणी गेलं कुठं?" नाना म्हणायचे, कळशी ठिबकत असेल. आई कळशी उलटीपालटी करून बघायची, पितळ ठणठणीत. मग मायलेकींचं वाजायचं. पाण्यावरून त्या वर्षी कुणाच्या घरात वाजलं नाही? त्यामुळं त्यात कुणी काही विशेष पाहिलं नाही, मी तर नाहीच.

दिवाळी चार दिवसांवर आली. गल्लीतल्या बायकांनी रेशनच्या साखरेतून, पोटाला चिमटा काढून, मुठीमुठीनं बाजूला काढलेली साखर आईकडं आणून दिली होती. मैदा, रवा, डालडा, सगळं. आईनं शब्द दिला होता, बेकरीत जाऊ नका, मी आहे ना. आदल्या चाचणीला पुन्हा फ्यूज उडाला होता तरी तिनं शब्द मागं घेतला नाही. तिला वाटत होतं, कुणीतरी काहीतरी काढेलच शोधून. कुणीतरी म्हणजे मी. संध्याकाळी बापू स्वतः मागं आले. ते कधी मागं यायचे नाहीत.

"वैनी, मी वाईट मानूस न्हाई," ते म्हणाले. "पन लई झालं आता. लक्ष्मीपूजनाला माझ्या घरात अंधार पडला तर मी ऐकून घ्यायचा न्हाई. उद्या काय ती भाजा. एकदा जरी उडाला, तर ही भट्टी माझ्या घरात ऱ्हायची न्हाई. मोडीत घाला, न्हाईतर जिकडनं आनली तिकडं पाठवा."

"बरं," आई म्हणाली. बास, एवढंच. मग ती आत गेली आणि मशीनवर बसली, मान खाली घालून. नाना म्हणाले, "अगं, बेकरीत भाजून आणू सगळ्यांचं, मी जाईन." तिनं मशीन थांबवलं नाही. मला त्या क्षणी बापूंचा, नानांचा, त्या ओव्हनचा, सगळ्यांचा इतका संताप आला होता की मी जेवले नाही. आज एवढ्या वर्षांनी लिहितानाही माझा हात भराभर चालतोय.

पहाटे मला जाग आली ती कळशीच्या आवाजानं. झोप कसली, डोळा लागला होता इतकंच. उठून पडवीच्या दारात आले. तांबडं फुटायला लागलं होतं. मोरीच्या काठावर ओव्हन ठेवलेला, झाकण काढून बाजूला, आणि काकू, ओलेती, सोवळ्यातली, हातात भरलेला तांब्या, त्यावर ओतायच्या बेतात.

"काकू!" मी ओरडलेच. धावले, तिचा हात धरायला. "शिवू नकोस!" ती म्हणाली आणि मागं सरली. सोवळ्यातल्या बाईला धरता येत नाही, मग मी ओव्हनच उचलून पोटाशी धरला.

"काय करतेस तू? रोज करतेस हे?"

"रोज कुठं? आणि हळू बोल, शांता उठेल." ती तांब्या हातात धरून तशीच उभी. "नानकटाई असली म्हणजे."

माझ्या डोक्यात सगळं एकदम जुळलं. केक, नानकटाई, कळशी. केक अंड्याचा, तो ती खाणार नाही, म्हणून केकच्या दिवशी तिचा ओव्हनशी संबंध नाही. नानकटाईच्या दिवशी पहाटे आतून-बाहेरून पाण्यानं शुद्ध करून, वरून कोरडा पुसून, जागच्या जागी. वरून कोरडा! आणि पाणी सगळं खालच्या तारेच्या पोटात जाऊन बसलेलं. आई दुपारी बटण दाबणार, टप्. मग दोन दिवसांत तो आपोआप वाळणार आणि पुढचा केक निर्वेध होणार.

"तुला आईचा ओव्हन घालवायचाय का घरातून?" मी म्हणाले. मला खरंच तसं वाटलं होतं.

काकूनं तांब्या खाली ठेवला. मग ती मोरीच्या काठावर बसली. "मला खायची होती गं," ती म्हणाली. "यात कुणाकुणाची अंडी, त्या कॅम्पातल्या लोकांचं काय काय शिजलेलं. धुतल्याशिवाय कशी खाऊ?"

"तू? तू तर बिस्किटाला हात लावत नाहीस."

"तुझे काका आणायचे," ती म्हणाली. "बेकरीतून. धोतराच्या सोग्यात लपवून, कागदात बांधून. सासूबाईंना कळलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. मागच्या दाराशी उभं राहून आम्ही खायचो, अर्धी त्यांना अर्धी मला."

"मग तेव्हा नाही का विटाळ झाला?"

"तेव्हा ते होते," काकू म्हणाली. "पाप झालं तरी दोघांत वाटून होतं."

मी ओव्हन पोटाशी धरून उभीच. तिला सांगितलं की पाण्यानंच फ्यूज उडतो, तारेला पाणी चालत नाही, कॅप्टनीणबाई सांगून गेली होती. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा काहीतरी वेगळाच होत होता. "पाण्यानं?" तिनं पुन्हा विचारलं. "नक्की पाण्यानं?" हो म्हटलं. "मला वाटलं, मी मनात आणलं की दिवे जातात. विधवा बाईच्या जिभेला हवंय म्हणून देव नको म्हणतोय. दरवेळी मी आणखी एक तांब्या जास्त घालत होते."

मला रडूच फुटलं. ती म्हणाली, आता ठेव तो जागेवर, पाणी नाही घालत. तुम्ही खा, माझं काय, इतकी वर्षं गेली. आणि हे कुणाला सांगू नकोस, भाऊजींना तर मुळीच नको, मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मी तिला शब्द दिला.

दुपारी आमच्या पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. बायका आपापले डबे घेऊन बसलेल्या. ओव्हन कोरडा खडखडीत होता, मला माहीत होतं, मी सकाळी आईला छातीठोक सांगितलंही होतं, आज नाही उडणार. आईनं पहिल्या घाण्याचे गोळे मांडले. झाकण लावून तिनं बटणाला हात घातला तोच बापू ओसरीवरून आत आले.

"थांबा वैनी. काल भाजा म्हनलो खरं, पन रातभर झोप न्हाई मला. आज उडनार न्हाई कशावरून? काय केलंय निराळं?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. "सुमी म्हणते."

"मंग सुमीनं सांगावं. कशानं उडत हुता?"

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी काकूला शब्द दिला होता. तोंडात उत्तर आणि तोंड मिटलेलं, असं माझं जन्मात कधी झालं नव्हतं. "सर्किटमध्ये दोष होता," असं मी काहीतरी पुटपुटले.

"कसला दोष? रज्जाकला गावला न्हाई त्यो तुला गावला व्हय?" बापू आईकडं वळले. "वैनी, राग मानू नका. कारन सांगितल्याबिगर मी बटन दाबू द्यायचा न्हाई. ही भट्टी आत्ता ठिवा बाहेर."

आईनं बटणावरचा हात काढला. नाना पुढं झाले आणि प्लग उपसायला वाकले.

"राहू द्या भाऊजी."

काकू देवघराच्या दारात उभी होती. परक्या पुरुषापुढं ती कधी येत नसे. डोक्यावरचा पदर पुढं ओढून ती पडवीत आली, इतक्या बायकांमधून, अंग चोरून न घेता.

"पाणी मी घालत होते," ती म्हणाली. "नानकटाई असली की पहाटे धुवून ठेवायचे. त्या पाण्यानं दिवे जात होते. सुमीला सकाळी कळलं. मी तिला बोलू नको म्हणाले होते."

"आवं पन मोठ्या वैनी, धुवायचं कशापायी?" बापूंच्या आवाजातली सगळी धार गेली होती.

"मला खायची होती," काकू म्हणाली.

नाना प्लगपाशी वाकलेले, तसेच. आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. बापूंनी टोपी काढली, उगाच आत पाहिलं, पुन्हा डोक्यावर ठेवली. मग अगदी हळू, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "आन आज? आज घातलंय का पानी?"

"नाही," काकू म्हणाली. "आज तशीच खाणार आहे."

बापू वळून ओसरीवर गेले. आम्हाला वाटलं रागावून गेले. तिथून त्यांचा आवाज आला, "दाबा वैनी! मी हितं हाय फळीपाशी."

आईनं बटण दाबलं. रेडिओवर कुणीतरी बाजारभाव सांगत होतं. ते सांगतच राहिलं. गूळ झाला, ज्वारी झाली, कांदा झाला, आणि आम्ही सगळ्याजणी श्वास धरून कांद्याचा भाव ऐकत होतो. मग काचेखाली नानकटाईला हलकेच भेगा पडायला लागल्या आणि तो वास आला. बायका एकदम बोलायला लागल्या, सगळ्या मिळून, काहीही.

आता माझ्या घरी असलं काही झालं तर भिंतीतलं बटण खाली पडतं. नात जाऊन ते वर करते आणि मोबाईलमधून मानही वर काढत नाही. सोय आहे, मी कशाला नावं ठेवू? पण बटण पडल्याचा तो आवाज आला की अजूनही मी पडवी शोधायला लागते.

पहिला घाणा निघाला. आईनं एक नानकटाई बशीत घालून काकूपुढं धरली. काकूनं बशी घेतली नाही, नानकटाई उचलली, गरमच, आणि मागच्या दाराशी गेली. आमच्याकडं पाठ करून उभी राहिली. कुणी तिच्या मागं गेलं नाही. मला मात्र राहवलं नाही, मी दोन पावलं पुढं झाले, तर तिनं मोडलेली अर्धी नानकटाई मागं न बघताच हात लांब करून माझ्यापुढं धरली. मी घेतली. तिच्या बोटांना माझी बोटं लागली, सोवळ्यातच होती ती, पण काही बोलली नाही.

दोघींनी तसंच उभं राहून खाल्ली. मग तिनं पदरानं तोंड पुसलं, डोळेही पुसले, आणि आत येऊन आईला म्हणाली, "शांता, वेलदोडा कमी पडलाय गं."

पुढच्या घाण्याचा वेलदोडा तिनं कुटून दिला.